गव्हाणेकाकांचं होल्डवरचं जहाज

आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत गव्हाणेकाकांनी बुंदीच्या लाडवाला व्हर्नियर लावला होता. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायचं स्टीलचं माप. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम असतं. त्यांनी आधी स्वतःचा लाडू मोजला, मग माझ्या ताटातला मोजला आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं, "मधे घाणा बदलला का? फरक येतोय." आचारी मुळातच तिरसट. लाडू खायचा असतो, असं तो म्हणाला. "खातो की," काका म्हणाले, "पण होल्डवर ठेवून."

हे होल्ड प्रकरण सांगायला हवं. काकांनी अख्खी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासण्यात काढली. तिथे प्रत्येक तुकड्याला तीनच निकाल: ओके, रिजेक्ट, आणि शंका असेल तर होल्ड. काका घरी येताना ओके कंपनीतच ठेवून येत असावेत. सोसायटीची लिफ्ट, महापालिकेचं पाणी, माझा थोरला मुलगा, सगळं होल्डवर. खोट्याची तर त्यांना विलक्षण चीड. एकदा चेअरमनसाहेबांनी न झालेल्या मीटिंगचा वृत्तांत सहीला पाठवला. काकांनी त्यावर लाल पेनाने 'रिजेक्ट' लिहून तो परत केला. तेव्हापासून काका लिफ्टमध्ये दिसले की चेअरमन जिना चढतात.

शालनकाकू बरोबर उलट्या. लातूरकडच्या, हसऱ्या, त्यांना जगातलं सगळं पसंत. मी काकांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि चिंचवडला माझं टूरचं लहानसं ऑफिस आहे. काकू माझ्या प्रत्येक टूरला असायच्या. म्हणजे सीट दोन बुक व्हायच्या. निघायच्या आदल्या दिवशी काका खाली यायचे आणि पायातली चप्पल न काढता दारातूनच सांगायचे की माल परत आलाय, ओव्हरटाइम आहे, हिला तेवढी जपून न्या. मग काकू शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून एकट्या जायच्या. येताना त्या पिशवीत काकांसाठी काहीतरी असायचंच. गणपतीपुळ्याहून आंबावडी, महाबळेश्वरहून चणे. एकदा टूरवरच्या जेवणातली जिलबी कागदात बांधून घेतली होती, ह्यांना आवडते म्हणून.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काकूंना जहाजातून फिरवून आणायचं काकांनी कबूल केलं होतं. नेमकं कंपनीत ऑडिट निघालं. पुढे निवृत्त झाले, चाळिसावा वाढदिवस वर्षावर आला, तेव्हा एक दिवस काका ऑफिसात येऊन समोर बसले. "दोन माणसं. जहाज. चांगल्यातलं चांगलं. आणि या वेळी मी येणार आहे."

आता माझा धंदा अष्टविनायक आणि चारधामचा. पाण्याशी संबंध आला तो बसच्या रेडिएटरपुरता. तरी मी मुंबईच्या एका ओळखीच्या एजंटकडून आलिशान जहाजांची चकचकीत माहितीपत्रकं मागवली. पोहण्याचे तलाव, नाटकगृहं, खोलीला समुद्राकडची गॅलरी. काकांनी खिशातून भिंग काढलं.

निळ्या चिमणीचं जहाज पहिल्याच दिवशी गेलं. फोटोत गॅलरीच्या कठड्याचं वेल्डिंग त्यांना खडबडीत दिसलं. "दिसतं तिथं असं, तर न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल?" दुसऱ्या जहाजाच्या जेवणाच्या टेबलावर कलिंगडातून कोरलेला हंस होता. तोच हंस तिसऱ्या जहाजाच्या टेबलावरही निघाला. दोन्ही रिजेक्ट. चौथ्या कंपनीच्या मुलीला त्यांनी फोनवर विचारलं की जीवरक्षक होड्यांचे दोर कोण तपासतं आणि त्या तपासणाऱ्याला कोण तपासतं. ती बिचारी म्हणाली, सर, आइस्क्रीम कितीही वेळा घेता येतं. तेही जहाज गेलं. मी वैतागून म्हणालो, काका, जहाज निवडायचंय, विकत घ्यायचं नाही. ते म्हणाले, "हिला एकदाच न्यायची आहे, राव. मग त्यात खोट कशी चालेल?" मी पुढचं माहितीपत्रक काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

संध्याकाळी मात्र मजा असे. काका वरच्या गॅलरीत बसून काकूंना माहितीपत्रकं वाचून दाखवायचे, दोषांसकट, आणि खाली मला सगळं ऐकू यायचं. काकू विचारायच्या, तिथं भाकरी मिळते का. काका सांगायचे की नाही, पण हंस मिळतो. थोड्या वेळाने काकू पुन्हा विचारायच्या, तिथं भाकरी मिळते का. आम्हाला वाटायचं, गंमत करतात.

गंमत नव्हती. एका दुपारी काकू पिंपरी कॅम्पात साडीच्या दुकानात दोन तास बसून राहिल्या. घर कुठे ते आठवेना. दुकानदाराने त्यांच्या फोनवरून काकांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाईल.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले ते भिंग न घेता. "होल्ड काढा. कुठलंही जहाज घ्या, पण लवकरातलं घ्या." जहाजांत खोट शोधण्यात कित्येक महिने घालवलेला माणूस जहाजाचं नावही न विचारता पैसे भरतो म्हणाला. मला त्यांचा राग आला, तरी मी लगेच मुंबईच्या एजंटला फोन लावला.

तरी सवय कुठे जाते? ट्रायल घेतल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही. समुद्रावर न्यायच्या आधी त्यांनी काकूंना चाकण रस्त्यावरच्या एका चांगल्या हॉटेलात दिवसभरासाठी नेलं. खोली थंडगार, पांढरीशुभ्र चादर, टेबलावर फळं. काकूंनी आत जाऊन पलंगाला हात लावला नाही. पिशवी छातीशी धरून त्या दाराजवळ उभ्या राहिल्या. ज्यांची खोली आहे ती माणसं येतील, आपल्याला ओरडतील, चला, असं सारखं म्हणत राहिल्या आणि मग रडायला लागल्या. काकांनी रिक्षा बोलावली.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. जहाज रद्द करा म्हणाले. मी म्हणालो, काका, तुमचा काय दोष यात. "आहे," ते म्हणाले. "माल चांगला होता. तपासणाऱ्याने उशीर केला."

चाळिसावा वाढदिवस घरातच झाला. सोसायटीतली दहा-बारा माणसं, समोसे, केक. चेअरमनसुद्धा आले होते, जिन्याने. काकूंना हिरवी साडी नेसवली होती. केक कापून झाल्यावर कुणीतरी सहज विचारलं, काय काकू, यंदा कुठे फिरायला?

"आमी जाऊन आलो की जहाजात," काकू म्हणाल्या. "लई मोठं व्हतं. आपली समदी सोसायटी बसंल एवढं. कलिंगडाचा हंस केलता, कापायला जीव हुईना. कठडा तेवढा खडबडीत व्हता, हाताला लागायचा. आन् भाकरी मिळत न्हाई तिथं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांच्यासमोर आजवर कुणाचं एकही चुकीचं वाक्य टिकलं नव्हतं. चेअरमननी सावरून घ्यायला म्हणून विचारलं, "वा! मग काकांनी मजा केली की नाही?"

"हे कुठले येतेत?" काकू हसल्या. "ह्यान्ला ओव्हरटाइम व्हता. शेजारी पिशवी ठिवली व्हती मी."

काका उभे होते. त्यांचा हात खिशातल्या व्हर्नियरवर गेला आणि तिथेच राहिला.

"माल परत आला होता," ते चेअरमनकडे बघत म्हणाले. "मला सुट्टी मिळाली नाही." चेअरमननी मान खाली घातली.

काकूंनी कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा पदराआडून काढला. मघाशी आमच्यासमोर कापलेला तोच केक. "घ्या," त्या काकांना म्हणाल्या, "जहाजातला हाय. तुमच्यासाठी आणलाय."

काका त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांनी तो तुकडा सगळा खाल्ला.

"कसा हाय?"

"ओके," काका म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

काकू खूश झाल्या. काकांच्या मिशीला लागलेलं क्रीम त्यांनी पदराने पुसलं. "पुढल्या बारीला तुमी बी चला की," त्या म्हणाल्या. "एकटीला करमत न्हाई."

"येतो," काका म्हणाले. "उद्याच सुट्टीचा अर्ज टाकतो."