घोड्याच्या केसांची उशी

खोगीर कुठे टोचतंय ते मी नुसता हात फिरवून सांगतो! ही फुशारकी नाही, बावीस वर्षांचा धंदा आहे. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका तबेल्याला लागून माझं खोगिरं दुरुस्त करायचं दुकान आहे. घोडा अडला, लाथा झाडायला लागला, की तबेल्याचा मालक आधी मला हाक मारतो आणि मग जनावरांच्या डॉक्टरला. बिचाऱ्या घोड्याला बोलता येत नाही. मी हात फिरवतो, म्हणतो, "इथे!" आणि दोष तिथेच निघतो.

तेव्हा बायकोला दम लागायला लागला, तर कारण शोधायला मला असा कितीसा वेळ लागणार होता?

"अहो, डॉक्टर म्हणतात कसली ॲलर्जी आहे ते तपासून घ्या," ती म्हणाली.

"तपासायचं काय त्यात? घर आपलं, नाक तुझं. आठवडाभर थांब, दोष मी शोधून काढतो!"

बायको बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. आवाजावरच तिची नोकरी. दम्याने तो आवाज गेला असता तर सगळंच गेलं असतं, आणि हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी जोरात कामाला लागलो.

पहिला संशय मांजरावर. लेक रडली, मांजराला पोटाशी धरून कपाटामागे लपली. "बाबा, तिने काय केलंय?" मी म्हटलं, "केस गाळते!" दुसरा संशय सासूबाईंच्या पावडरीवर. त्या आमच्याकडेच राहायच्या आणि सकाळी पावडर लावली की खोलीत धुकं पडायचं. मी तसं बोलून दाखवलं. सासूबाईंनी पिशवी भरली, मांजराला टोपलीत घातलं आणि दोघी एकाच रिक्षाने आपल्या जुन्या घरी निघून गेल्या. जाताना फक्त मांजराने मागे वळून पाहिलं.

मग पडदे काढले, सतरंजी काढली. बायकोची धाप आहे तिथेच!

एका संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "अहो, एक सांगू? दिवसभर मी बरी असते. तुम्ही घरी आलात की सुरू होतं."

"म्हणजे? मी घरी येऊच नको?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"मग कसं म्हटलंस?"

शब्दाने शब्द वाढला. मी तणतणत निघालो आणि दोन दिवस दुकानातच मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी घरी आलो तर बायको टवटवीत! दोन दिवसांत एकदाही दम्याचा पंप ओढावा लागला नव्हता.

"बघ!" मी म्हटलं. "पडदे काढल्याचा गुण!"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तासाभरात तिथून खोकला ऐकू आला. मी लगेच मसाल्याचे डबे हुडकले.

आता पश्चात्ताप म्हणा, प्रेम म्हणा, मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. कापसाच्या उशीत धूळ बसते. पण घोड्याचे केस! जुन्या खोगिरांतून काढलेले, लांब, तजेलदार, वर्षानुवर्षं न दबणारे! आठ दिवस खपून मी ते निवडले, झटकले, उन्हात वाळवले आणि स्वतःच्या हाताने उशी शिवली. कडेला दुहेरी टाका घातला, जो मी फक्त खास गिऱ्हाइकाच्या खोगिराला घालतो. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी तिच्यासाठी काही शिवलं होतं. तिने उशी गालाशी धरली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, प्रेमाने.

सकाळी डोळे सुजून बंद झाले होते.

"गाढ झोप लागली की डोळे सुजतातच," मी धीर दिला.

ती तशीच कामावर गेली. ध्वनिक्षेपकावर म्हणाली, "फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी..." आणि पुढे नुसतं सूंऽऽ सूंऽऽ! चार नंबरवरचे प्रवासी खाली उतरून गाडीची चाकं तपासायला लागले, कुठून हवा जातेय म्हणून. ड्रायव्हरने तर जॅकही काढला! लोक हसत होते. वर काचेच्या खोलीत माझी बायको टेबलावर कोसळली होती.

निरोप आला तेव्हा मी घोडीच्या पाठीवर खोगिराचं माप घेत होतो. तसाच धावलो. अतिदक्षता विभागात शिरलो आणि तिला मिठी मारली. तिचे ओठ निळे पडायला लागले! नर्सने मला दोन्ही हातांनी बाहेर ढकललं. मी बाहेर गेलो आणि ती सावरली. याचंही श्रेय मी औषधाला दिलं.

पुढे महिन्याभराने ॲलर्जीची तपासणी झाली. डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब ओळीने टाकून सुईने टोचले. धूळ, काही नाही. मांजर, काही नाही. परागकण, काही नाही. एका थेंबाखाली मात्र रुपयाएवढी गांधी उठली.

"घोडा," डॉक्टर म्हणाले.

"घोडा?" मला हसू फुटलं. "अहो डॉक्टर, आमचं घर दोन खोल्यांचं! घोडा बांधू कुठे?"

डॉक्टरांनी माझ्या बाहीवरून चिमट्याने एक केस उचलला आणि कागदावर ठेवला. "हा कोणाचा?"

"बदामी घोडीचा," मी म्हटलं. "सात वर्षांची आहे."

वय विचारलं नव्हतं हो कुणी! बाही खाली करून बायकोने बटण लावलं. घोडा बोलत नाही तरी त्याचं मला कळतं, आणि हिने तर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता ती आणि लेक सासूबाईंकडे असतात. तिथे ती एका दमात दोन जिने चढते. पण बसस्थानकावर आता दुसऱ्याच बाईचा आवाज येतो. हिला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलंय.

"धंदा बदला," डॉक्टर म्हणाले होते. पन्नाशीत कुठला धंदा शिकू? मी बायकोला "बघतो" म्हटलं. तेही तिने ऐकून घेतलं.

दर रविवारी मी भेटायला जातो. गेल्या रविवारी दार सासूबाईंनी उघडलं.

"अंघोळ?"

"दोनदा."

"कपडे?"

"आज सकाळी विकत घेतले."

"आणि हा पट्टा?"

मी खाली पाहिलं. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायच्या जुन्या तंगातून मीच कापून केलेला! अकरा वर्षं रोज कमरेला होता. मी तो घाईघाईने काढून जिन्यावर टाकला आणि एका हाताने नवी, ढगळ पँट धरून उभा राहिलो.

आतून बायकोचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, पूर्वी घोषणांना असायचा तसा. "आई, त्यांना म्हणावं, पुढच्या रविवारी या."

तेवढ्यात पायाला काहीतरी मऊ घासलं. आमचं मांजर फिरून परत आलं होतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. तिला आत येऊ द्या."

मी बाजूला झालो.