केळीच्या बागेतली दहावी

आमचे दगाजी पाटील सर कशालाच दहापैकी दहा देत नाहीत. लग्नातल्या बुंदीला साडेआठ. सरपंचांच्या भाषणाला दोन, तेही ते संपलं म्हणून. प्रकाशा गावच्या घाटावरून दिसणाऱ्या तापीला साडेनऊ. "अर्धा कशाचा कापला, सर?" असं विचारलं की म्हणतात, "मन्हाजोडे जमा शे. दुरुस्त करीसन ये, लई जा." तापी अजून आलेली नाही.

शाळेत ते गणित शिकवायचे. तिथेही हाच कायदा: कापलेला अर्धा गुण सरांजवळ जमा. चुकलेलं गणित पुन्हा सोडवून संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर न्यायचं आणि आपला अर्धा गुण परत घ्यायचा. ओटा पोरांनी भरलेला असायचा.

मी नववीत असताना कोरोनामुळे शाळेला कुलूप लागलं. दहावीत ते मध्ये थोडे दिवस उघडलं आणि पुन्हा लागलं. ऑनलाइन शिक्षण मात्र जोरात सुरू होतं, निदान अहवालात तरी. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची, त्यामुळे त्या वर्षी सर्वांत जास्त शिकली ती टाकीवरची कबुतरं. शेवटी दहावीची परीक्षाच रद्द झाली. निम्मे गुण नववीवरून द्यायचे, निम्मे दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून. नववीची वार्षिक परीक्षाही झाली नव्हती, पण एवढ्या मोठ्या योजनेत असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतो.

शाळेत आनंदीआनंद झाला. एका बाईंनी तर वर्गातल्या शिस्तीबद्दलही भरघोस गुण दिले. रिकाम्या वर्गात शिस्त उत्तमच होती. अडले ते फक्त पाटील सर.

"अहो सर, कोणाला नापास करायचं नाहीये," मुख्याध्यापक म्हणाले.

"नापास नाही करत. पण पास कशात करू?"

सरांनी स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. घोळक्याला बंदी होती, म्हणून त्यांनी जागा शोधली ती भावाची केळीची बाग. दोन झाडांत सरकारला हवं तेवढं अंतर केळीने आधीच राखलेलं होतं. एका झाडाखाली एक विद्यार्थी. प्रत्येकाला घरून पाट आणायला सांगितलं. सर तोंडाला उपरणं बांधून, पांढराशुभ्र शर्ट घालून ठिबकच्या नळ्या ओलांडत फिरत होते.

"कोनाकडे दखी ऱ्हायना रे? ती केळ शे. तिले काय विचारस?"

माझे वडील बागेत घड तोडायला यायचे. बांधावरून ते म्हणाले, "सर, बाकीना गावमा घरबठ्या पास करी ऱ्हायनात. आमना पोऱ्यासले का तरास?"

"तू तुन्हा घड दख, भाऊ," सर म्हणाले.

केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की जन्मभर जात नाही. त्या दिवशी आमचे गणवेश डागाळले आणि सरांचा शर्टही. गणितात मला अडुसष्ट मिळाले. शेजारच्या गावातल्या माझ्या मामेभावाला वर्गसमीकरण कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. त्याला पंच्याण्णव मिळाले. मी आठवडाभर सरांच्या घरावरून गेलो नाही.

पुढे शहाद्याला कॉलेजात जायला लागलो. आमच्या वर्षाला नावच पडलं होतं. एसटीत जागा मागितली तरी कोणीतरी म्हणायचं, "या, कोरोना पास." मामेभाऊ खाली बघायचा. मी म्हणायचो, "मी परीक्षा दिली आहे. केळीच्या बागेत." लोक आणखी हसायचे. पण मला खाली बघावं लागायचं नाही.

यंदा मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. पेढे घेऊन सरांकडे गेलो. ते आमच्या दहावीच्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला बंदी होती, त्यामुळे भाषणाला गुण द्यायची त्यांची संधी हुकली. मुलगा सुरतेला असतो. पत्नी गेल्यापासून घरात सर एकटेच. ओटा झाडून लख्ख होता आणि त्यावर कोणी नव्हतं.

सरांच्या अंगात तोच शर्ट होता, काळपट डागांचा.

"सर, हा टाका आता. हे डाग जायचे नाहीत."

"ऱ्हाऊ दे रे. तुमले कोरोना पास म्हनतस ना स्टँडवर? मी हाई शर्ट घालीसनच जास. कोनी बोलनं ते डाग दखाडाले बरं."

मी पेढा पुढे केला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, डोळे मिटून.

"साडेनऊ."

"अर्धा?"

"मन्हाजोडे जमा शे," ते ओट्याकडे बघत म्हणाले. "दुरुस्त करीसन लई ये."

पेढा कसा दुरुस्त करतात, मला माहीत नाही. रविवारी पुन्हा घेऊन गेलो. त्यांनी पुन्हा साडेनऊच दिले.