सरपंचबाईंचं गोंदण

बंकटनं कॅमेरा घेतला तेव्हाच सत्यभामेनं अट घातली होती. "एक तरी फोटो कामाला येऊ द्या. न्हाई तर ही पेटी मी विकणार." आता नवऱ्यानं हौसेनं आणलेल्या वस्तूला पेटी म्हणू नये, पण तोवर त्यानं काढलेले फोटो म्हणजे बाभळीवरचा होला, त्याच बाभळीवर तोच होला, आणि होला उडून गेल्यावरची बाभळ. त्यामुळं अंबाजोगाईच्या कॉलेजात क्लार्क असलेला हा गडी अट मान्य करून मोकळा झाला.

आणि नशीब उघडलं. त्याची सासू भिवराबाई बिनविरोध सरपंच झाली! मांजरसुंब्याच्या अलीकडं, गावच्या फाट्यावर भलंमोठं बॅनर लागायचं ठरलं.

"फोटो मी काढणार," बंकट म्हणाला. "स्टुडिओवाला बिलकूल नको. त्याला लाईट कळत न्हाई."

लाईट कळणाऱ्या जावयानं सासूला बसवलं कुठं, तर देवघराच्या खोलीत. तिथं भर दुपारी उदबत्तीसुद्धा चाचपून शोधावी लागते.

"जावईबापू, अंगणात बसू का? उजेड हाय."

"मामी, अंधारात फोटोला वजन येतं."

"मग त्या डबड्याची बत्ती तरी लावा."

पण फ्लॅश लावणारे ते लग्नातले फोटोवाले, अशी बंकटची ठाम समजूत (यूट्यूबवरच्या एका दाढीवाल्यानं करून दिलेली). त्यानं आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करणारा आकडा, होता नव्हता तेवढा चढवला, आणि कॅमेऱ्याच्या टिचभर पडद्यावर सासू झकास दिसली.

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला, तर सत्यभामा किंचाळलीच. "अवो, आईच्या तोंडावर वाळू कावून सांडली?"

"वाळू न्हाई गं, नॉइज म्हणतात त्याला. अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसत न्हाई, मग तो मनचेच ठिपके भरतो."

"मग उजेडात काढायला काय झालतं?"

बंकटनं घाईघाईनं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात ठिपके घालवायची एक पट्टी असते. ती जरा सरकवली, वाळू कमी झाली. आणखी जरा सरकवली. बंकटचा हात मुळातच सढळ. त्यानं पट्टी पार टोकाला नेली. चेहरा कसा लख्ख झाला! दुसऱ्यांदा बघायच्या भानगडीत न पडता त्यानं फोटो प्रेसला धाडून दिला.

बॅनर लागलं त्या सकाळी फाट्यावर गाव जमलं. शेळ्या घेऊन निघालेली कडूबाई बॅनरखाली थांबली आणि तिनं खुद्द भिवराबाईंनाच विचारलं, "भिवरे, ही बाई कोण गं? सरपंच तर तू झालीस ना?"

भिवराबाई वर बघतच राहिल्या. नातवंडं कॉलेजात गेलेली बाई, आणि बॅनरवर सोललेल्या अंड्यासारखं तोंड. त्यांनी हळूच स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

"जावईबापू, माझं गोंदण कुठं हाय?"

बंकटनं आता कुठं बॅनर नीट बघितलं, तर सगळं गायब. कपाळावरची ठिपक्यांची ओळ, हनुवटीवरचे ठिपके, आधीच वयानं पुसट झालेले. वाळूचे ठिपके कोणते आणि गोंदणाचे कोणते, सॉफ्टवेअरला काय घंटा कळणार? त्यानं सरसकट झाडू मारला होता.

"आईनं मांडीवर धरून गोंदवलतं मला," भिवराबाई म्हणाल्या. "लई रडलते मी. आई म्हणली, सोनंनाणं हितंच राहतं, गोंदण तेवढं वर संगं येतं. आन तुमी ते जित्तेपणीच काढून घेतलं?"

बंकटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्यभामा पदरानं डोळे पुसत होती आणि पुसता पुसता नवऱ्याकडं बघत होती (त्या बघण्याचं वर्णन न केलेलं बरं).

"मामी, आत्ता दुसरा काढतो. भर उन्हात!"

काढला, मोठा करून दाखवला. गोंदण होतं, अगदी ठळक होतं. सोबत एकूण एक सुरकुतीही होती. भिवराबाईंनी कॅमेरा लांब धरला, जवळ धरला.

"ही म्हातारी कोण? अवो, गोंदण ठेवा, सुरकुत्या काढा."

"मामी, सॉफ्टवेअरला तसलं निवडता येत न्हाई."

"मग बॅनरवरचीच बाई राहू द्या. गोंदण तुमी घाला."

झालं. शिडी आली, हिरवा मार्कर आला. सरपंचबाईंचा जावई शिडीवर, खाली अख्खं गाव. "खाली! अजून खाली! अवो, ती मान हाय!" शिडी हलत होती, बंकटचे पाय त्याहून जास्त.

कडूबाई म्हणाली, "भिवरे, तवा गोंदताना तू रडलतीस. आता गोंदणारा रडाया लागलाय."

शेवटचा ठिपका बसला. भिवराबाई मागं सरकल्या, बघितलं, आणि तोंडभर हसल्या. "झ्याक! आता ही मीच."

बंकटला शिडीवरच उभारी आली. "बघ सत्यभामा, आला का न्हाई फोटो कामाला?"

"फोटो कुठला? मार्कर आला कामाला."

त्याच संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली कॅमेरा ओट्यावर मांडला. विकायचा तर जाहिरातीत त्याचा फोटो नको? एका हातानं तव्यावरची भाकरी उलटत तिनं दुसऱ्या हातानं मोबाईलवर फोटो काढला. बंकटनं डोकावून बघितलं. कॅमेऱ्यावरचं बारीकात बारीक अक्षर वाचता येत होतं, वाळूचा एक कण नव्हता.

"बरा आलाय का बघा," सत्यभामा म्हणाली. "तुमाला त्यातलं कळतंय म्हणून इचारते."