व्याह्यांचा विजयदिन

"तारीख मी काढतो! व्याही जन्मभर नाव काढतील!" मुलुंडच्या चंद्रप्रकाश तावड्यांनी जाहीर केलं. एकुलत्या एक अक्षताचा साखरपुडा, मुलगा आयरिश, त्याचे वडील फर्गस खास बेलफास्टहून येणार. मग पंचांग कशाला? तावड्यांनी मोबाईलवर आयर्लंडचा इतिहास तारखेवार चाळला आणि बारा जुलैवर बोट ठेवलं. त्या दिवशी म्हणे तिकडे एका जुन्या लढाईतल्या विजयाची मिरवणूक निघते. अंगावर केशरी पट्टे, पुढे ढोल!

"नलिनी, ही तर आपलीच माणसं गं!"

"अहो, अक्षताला एकदा विचारा तरी."

"मला अक्कल शिकवू नकोस! सरप्राइज आहे!" तावडे कुकरसारखे फुसफुसले.

बारा तारखेला फर्गससाहेब गाडीतून उतरले आणि सोसायटीच्या गेटवर अख्खं ढोलपथक कडाडलं. वर बॅनर. पांढऱ्या घोड्यावर त्या लढाईत जिंकलेला राजा, खाली 'हॅपी व्हिक्टरी डे'! तावडे केशरी फेटा घेऊन धावले. व्याही आधी पांढरे पडले, मग टोमॅटोसारखे लाल झाले. त्यांनी फेटा हिसकावला आणि जमिनीवर आपटला!

"माझ्या दारात फेट्याचा अपमान? मोडलं लग्न!" तावडे गरजले.

तिकडून फर्गस इंग्रजीत गरजले. ढोलवाल्यांना वाटलं, पाहुणे रंगात आले. त्यांनी ठेका वाढवला.

"गप ऱ्हवा रे मेल्यांनो!" तावडे ढोलवाल्यांवर खेकसले.

अक्षता धावत आली. "बाबा! हे काय करून ठेवलंत?"

"काय म्हणजे? त्यांचा विजयदिन!"

"त्यांचा नाही! त्या लढाईत कॅथलिक हरले, आणि हे कॅथलिक आहेत! जिंकलेल्यांची मिरवणूक दरवर्षी ह्यांच्या दारावरून ढोल बडवत जायची. लहानपणी हे खिडक्या लावून आत बसायचे!"

"मोबाईलवर विजय लिहिलंय!"

"कुणाचा, ते वाचलंत?"

तेवढंच वाचायचं राहिलं होतं. राग तर अंगात मावेना, आणि काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. तावडे बॅनरवर तुटून पडले. पण ते फ्लेक्स, फाटेल तर शपथ! त्यांनी ओढलं, चावलं, शिव्या घातल्या. तेवढ्यात दुसरं टोक कुणीतरी धरलं. फर्गससाहेब! दोन्ही बापांनी दातओठ खात हिसका दिला, तेव्हा कुठे राजा घोड्यावरून सुटला.

साखरपुडा झाला. ना ढोल, ना फेटे. जेवायला दोघं शेजारीशेजारी बसले, पण गाल अजून फुगलेलेच. शेवटी तावडे खाकरले.

"अक्षता, त्यांना सांग, लग्न तुमच्याच विजयाच्या दिवशी करू. विचार, हे कधी जिंकले?"

अक्षताने विचारलं. फर्गससाहेब पंख्याकडे बघत बसले. एक बोट दुमडलं, पुन्हा उघडलं. पुरी गार झाली. मग ते तिच्या कानाशी हळूच काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, फुटबॉल धरला तर चालेल का?"