मालनआत्यानं अडवलेलं मैदान

पालमच्या बाजारपेठेतून मागं पोरगी बसवून क्लासला निघालेला कुठलाही बाप मालनआत्याच्या तावडीतून सुटत नाही. आत्या भर रस्त्यात उभी राहते, हात आडवा धरते. स्कूटर थांबली की बापाकडं ढुंकूनही न बघता पोरीला म्हणते, "उतर. क्लास त्या कोपऱ्यावर हाय. पाय घरी ठेवून आलीस का?"

आमची स्कूटर अडवली तेव्हा माझे यजमान वैतागले. "आत्या, उशीर व्हायलाय."

"मग तुमी व्हा की पुढं. पोरगी येईल पळत."

आमची आर्या उतरली आणि खरंच पळत गेली. यजमान रिकामी स्कूटर घेऊन तिच्या मागं.

आत्या आमच्या शेजारी राहते. नक्की कुणाची आत्या, ते गल्लीत कुणालाच माहीत नाही. नवरा वारला, मुलगा पुण्यात. अंगानं चांगली आडवी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात मुलानं पाठवलेले पांढरेशुभ्र बूट. "आधी तुमी बारीक व्हा, मग पोरींना पळवा," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर तयार असतं. "मी जाड हाय, पर बसून न्हाई."

आर्या आठवीत गेली आणि वर्षभरात अंगानं भरली. शाळेनं खेळाचा तास गणिताला दिला होता. घरासमोरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, तिथं सायकल काढायची सोय नाही. त्यात पाळी येऊन ती शहाणी झाल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं, आता बाहेर उड्या मारणं बास. झालं, पोरगी घरात बसली. मग तिला बसवणाऱ्यांनाच तिचं वाढलेलं अंग दिसायला लागलं. एका लग्नात चुलत सासूबाईंनी चारचौघांत विचारलं, "ड्रेस शिवताना कापड पुरतं का गं हिला?" सगळे हसले. त्यानंतर आर्याचा शाळेचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला.

मी भिंतीवरून आत्याला हे सांगितलं. मला वाटलं होतं, ती हळहळेल. ती भडकली.

"बसवनारे हेच आन् हसनारे बी हेच. पोरीला पोटभर जेवू दे. जागेचं मी बघते."

एसटी स्टँडमागं मोकळं मैदान आहे. संध्याकाळी तिथं पोरांचं क्रिकेट चालतं. पोरी कडेकडेनं, मान खाली घालून जातात. दुसऱ्या दिवशी आत्यानं प्लास्टिकची खुर्ची नेली आणि पिचच्या बरोब्बर मधोमध मांडून बसली.

"आत्या, बॉल लागंल," एक पोरगा म्हणाला.

"लागू दे. लय मुरलेली हाडं हायत. आर्धं मैदान पोरींना सोडा, मग उठते."

पुढचे काही दिवस हेच. पोरं कंटाळली आणि किराणा दुकानवाल्या वसंतरावांना घेऊन आली. वसंतराव म्हणजे गल्लीतलं वजनदार माणूस.

"मालनबाई, पोरी मोठ्या झाल्यात आता. लोक बघतात."

"पोरं बी मोठी झाली. त्यांना कोनी घरात बसवलं का?"

"चांगलं दिसत न्हाई ते."

"मग तुमी तिकडं तोंड करून बसा."

वसंतराव दुकानाकडं निघून गेले. शेवटी पोरांनीच लिंबाच्या झाडाकडची अर्धी बाजू सोडली. पहिल्या दिवशी आर्या एकटी होती. मग मैत्रिणी आल्या, आणि एके दिवशी वसंतरावांची नातही आली. आत्याचा नियम एकच होता. "हितं कोनाचं वजन काढायचं न्हाई. किलोची भाषा दुकानात."

आर्या बारीक झाली का, असं बायका मला अजून विचारतात. फारशी नाही. पण डबा चाटूनपुसून येतो. आणि सासूबाईंनी "कुठं चाललीस" विचारलं तर "खेळायला" असं सरळ सांगून ती चपला घालते.

मार्चमध्ये परीक्षा आल्या आणि पोरी घरी राहिल्या. एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना मैदानावर आत्या दिसली. तिनं पांढऱ्या फक्कीनं लंगडीचा चौकोन आखला होता आणि त्यात ती एकटीच एका पायावर उड्या मारत होती. मला बघून पाय खाली टेकला.

"रेघा नीट पडल्या का बघायले," ती म्हणाली, आणि धापा टाकत तिथंच मातीत बसली.

मी शेजारी बसले.

"आमचे मायबाप ऊसतोडीला जायचे," ती म्हणाली. "लहान्या भावांना सांभाळायला मला आजीपाशी ठेवायचे. आर्याएवढीच आसेन मी. दारासमोर पोरी लंगडी खेळायच्या आन् मी कडेवर पोरगं घेऊन बघायची. ये म्हनून कोनी बोलवलं न्हाई. बोलवलं आसतं तरी कुठं जाता येनार होतं? पर कोनी म्हनायला पायजे होतं."

ती बुटावरची माती झटकत राहिली.

मी पिशवी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि उठले.

"आत्या, राज्य कुणावर?"

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मी चेष्टा करतेय का ते. मग गुडघ्यांवर हात टेकत उभी राहिली.

"तुझ्यावर," म्हणाली, आणि चौकोनात शिरली.