स्टोअरसाहेबांनी कॉम्प्युटर हलका केला

दुपारी तीन वाजता स्टोअरसाहेबांनी ठरवलं, की बायकोचा कॉम्प्युटर आपणच हलका करायचा. तोवर घरात सगळं बरं चाललं होतं.

बायको शिवणकाम शिकवते. चार वाजता एका शाळेच्या मुख्याध्यापिका स्क्रीनवरून तिचा नमुन्याचा तास बघणार होत्या. पसंत पडला तर नोकरी. सहा महिने उंबरे झिजवल्यावर आलेली ही एकच संधी. आणि कॉम्प्युटर असा चालत होता, की बटण दाबून माणसाने आंघोळ उरकून यावी. (साहेब उरकून आलेही होते. स्क्रीनवरची खिडकी अर्धीच उघडली होती.)

"अहो, तुम्ही हात लावू नका," बायको म्हणाली. लग्नापासून हे वाक्य साहेबांना आमंत्रणासारखंच ऐकू येतं.

एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याचं स्टोअर सांभाळलेलं. तिथला त्यांचा नियम असा: ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही ती बाहेर काढायची आणि वाट बघायची. कोणी बोंबलत आला तर ती कामाची, नाही आला तर भंगार. या नियमापायी एकदा अख्ख्या कारखान्याचं पाणी बंद पडलं, पण नियम काही मोडला नाही.

त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. मेमरी शहाण्णव टक्के भरलेली, आणि खाली पडद्याआड चाललेल्या कामांची ही मारुतीच्या शेपटासारखी यादी. एकाचंही नाव ओळखीचं नाही. सगळे बसून खाणारे, हे साहेबांनी जागच्या जागी ताडलं. पहिल्याला काढलं आणि कान टवकारले. घर शांत. दुसऱ्याला काढलं, तर आतून बायको ओरडली, की प्रिंटर अर्धी बाही छापून थांबलाय. साहेबांनी कागदावर 'हा कामाचा' अशी नोंद केली आणि पुढे सरकले. तिसऱ्याबरोबर कॉम्प्युटरचा आवाज गेला. आता आवाजच गेल्यावर बोंब मारणार कोण? तो भंगारात. पाचव्याला काढल्यावर स्क्रीनवरचं सगळं नाहीसं झालं आणि मागे फक्त दोघांचा लग्नातला फोटो उरला. त्यात दोघंही आधीपासूनच धास्तावलेले.

साहेबांनी हळूच लेकीला फोन लावला. तिने आधी कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. काढलेले सगळे रजा संपल्यासारखे पुन्हा हजर.

"आता सगळ्यात जास्त खाणारे वर घ्या. कोण आहे?"

"तुफान क्लीनर. खाली मेमरी रक्षक. त्याच्या खाली डॉक्टर स्पीड."

"बाबा, हे तिघं आणले कोणी?"

साहेब चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "पहिला टाकला तर कॉम्प्युटर आणखी मंदावला. म्हणून दुसरा."

"आणि तिसरा?"

"या दोघांवर लक्ष ठेवायला."

मेमरी कोण खातंय याचा तपास हे तिघं अहोरात्र करत होते, आणि तपास करता करता तेच ताट चाटूनपुसून संपवत होते. लेकीने तिघांनाही हाकलायला सांगितलं. जाताना प्रत्येकाने विचारलं, आमचं काय चुकलं? साहेब जुन्या वळणाचे. त्यांनी तिघांनाही चार-चार ओळींचं सभ्य उत्तर टाइप करून दिलं. त्यात पंधरा मिनिटं गेली. मग कॉम्प्युटर पुन्हा चालू होताना म्हणाला, अपडेट चालू आहे, चार टक्के, कृपया बंद करू नका.

चारला चार मिनिटं कमी होती.

बायकोने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग साहेबांकडे. (नवऱ्यांनो, याहून वाईट काही नसतं.) तिने मोबाइल काढला, नवऱ्याच्या हातात दिला, त्याचा हात टेबलाच्या वर ताणून धरला आणि सांगितलं, हलायचं नाही. चाळीस मिनिटं साहेब दिव्याच्या खांबासारखे उभे. खाली तिची कात्री सरसर चालली होती. नाकावर माशी बसली, तिला जे हवं ते करू दिलं. मुख्याध्यापिका मध्येच म्हणाल्या, स्टँड छान आहे हो तुमचा, फक्त थोडा थरथरतो.

संध्याकाळी होकार आला. सोबत भरायचा फॉर्म. शेवटचा प्रश्न होता: घरी तांत्रिक मदत करणारं कोणी आहे का?

साहेब खांदा चोळत, मान ताठ करून, ती काय लिहिते ते बघू लागले. बायकोने नीट अक्षरात लिहिलं: आहे. पण मी काळजी घेईन.