खाली न ठेवता येणारी वाटी

अप्पा मयेकरांनी केलेली वाटी खाली ठेवता येत नाही. नारळाची करवंटी ती, बूड गोल. ठेवली की कलंडते. मी त्यांना हे निदान दहा वेळा सांगितलं असेल. दहाही वेळा उत्तर एकच, "वाटी ठेवायची नसते हो भाऊराव, हातात धरायची असते."

अप्पा रत्नागिरीतले आमचे शेजारी. मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो. बायको गेल्यावर वर्षभरात, नोकरीची सहा वर्षं शिल्लक असताना, या गृहस्थाने निवृत्ती घेतली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "करवंट्या साठल्यात." मुलगा मुंबईला, घरात दुसरं माणूस नाही. अशा वेळी माणसाने कामात मन गुंतवावं. यांनी करवंटीत गुंतवलं.

मी सव्वानऊला सायकल काढायचो, तेव्हा अप्पा ओट्यावर मांडी ठोकून काचेच्या तुकड्याने करवंटी खरवडत असायचे. "निघालांत? जा, जा. कुणीतरी जायलाच हवं!" संध्याकाळी परत यावं, तर तीच करवंटी आणि वर खोबरेलाचा हात.

"दिवसभरात काय केलंत?"

"गुळगुळीत केली."

आठ तासांत एक करवंटी!

मग ती गडग्यावरून आमच्याकडे यायची. आत झाडाची पाच आंबट बिंबलं, नाहीतर मूठभर बकुळीची फुलं. "वहिनी, मला काही नको हो. वाटी तेवढी सावकाश परत द्या." आता शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे ही त्यात कधी वालाची उसळ घालायची, कधी फणसाची भाजी. जेवायलाच या म्हटलं, की मात्र ठाम नकार. "माझं झालंय हो."

एक वाटी परत जाईपर्यंत दोन नव्या हजर. बघता बघता फडताळात अकरा झाल्या. ही मला आमटीसुद्धा त्यातच वाढू लागली.

एका रविवारी वाटी कलंडली आणि आमटी माझ्या पांढऱ्या लेंग्यावर. ही लेंगा घेऊन विहिरीवर गेली, तेवढ्यात मी अकराही वाट्या विसळल्या, एकात एक घातल्या, गडगा ओलांडला आणि अप्पांच्या पुढ्यात ठेवल्या. ठेवल्या कसल्या, हातात दिल्या.

"अकरा आहेत. मोजून घ्या."

अप्पांनी मोजल्या नाहीत. वरची वाटी उचलून त्यांनी आत पाहिलं. मग दुसरीत. मग तिसरीत. असं अकरावीपर्यंत. आता भांडणार, म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं.

"वहिनींना बरं नाही?"

"आँ?"

"रिकाम्या आल्या, म्हणजे तुमच्याकडे आज काही शिजलेलं नाही. बोलायचं नाही का हो? शेजारी कशाला आहोत?"

मी तोंड उघडायच्या आत ते घरात गेले. दारातून मला चूल दिसत होती. चुलीवर एकच पातेलं. अप्पांनी ते वाटीत उपडं केलं, तळ पळीने खरवडला आणि बाहेर आले.

"पेज आहे. मला एवढीच येते. वहिनींना गरम गरम द्या. आणि सांडू नका."

मी परतलो, तेव्हा ही लेंगा वाळत घालत होती. चांगली ठणठणीत.

"हातात काय?"

मी सगळं सांगितलं.

"अकराही रिकाम्या नेल्यात?"

"हो."

ती स्वयंपाकघरात गेली. आमचा गॅसचा नंबर अजून लागायचा होता. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात.

"ती पेज आधी संपवा," आतून म्हणाली. "वाटी परत द्यायची आहे."

मी वाटी ठेवायला वाकलो आणि तसाच सरळ झालो. मग दोन्ही हातांत धरून, उभ्यानेच, ती पेज प्यालो.

मीठ अंमळ जास्त होतं. अप्पांना ते मी अजून सांगितलेलं नाही.